ग्वांगझौमध्ये टॉवर आणि मॉल सोडून काय बघावं? सोबत आईबाबा आहेत

फोंड्याचा_दुकानदार

नमस्कार मंडळी. माझं फोंड्याला हार्डवेअर आणि बाथरूम फिटिंगचं दुकान आहे, ऑक्टोबरात चीनमध्ये ग्वांगझौला (जुनं नाव कॅन्टन) कॅन्टन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला चाललोय, ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी पाझौच्या, म्हणजे फेअर भरतं त्या भागातल्या हॉलमध्ये दिवसभर चालायचं, संध्याकाळी हॉटेलवर कॅटलॉग चाळायचे आणि झोपायचं, एवढंच झालं. शहर असं काही बघितलंच नाही, आणि त्याची रुखरुख आहे.

यंदा बाबा म्हणाले मी पण येतो. ते ७१ वर्षांचे, आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला, चीनबद्दल वाचलंय पुष्कळ पण गोव्याबाहेर फार गेले नाहीत. मग आई पण आली. माझं काम असं आहे की हार्डवेअर फेज एकमध्ये असतं, १५ ते १९ ऑक्टोबर, आणि बाथरूम फिटिंग फेज दोनमध्ये, २३ ते २७. म्हणजे मधले २०, २१, २२ हे तीन दिवस पूर्ण मोकळे आणि ते मला आईबाबांना द्यायचेत. २० ला दसरा आहे, आई त्यावरून जरा नाराज आहे की सणाला घरात दिवा लावायला कोण नाही, तर त्या दिवशी एखाद्या देवळात नेता आलं तर बरं वाटेल तिला.

ज्याला विचारावं तो कॅन्टन टॉवर, चिमेलाँगचं करमणूक पार्क, बीजिंग रोडचा बाजार हेच सांगतो. रात्री टॉवर लांबून बघू, पण बाबांना तिथे काय बोलायचं सुचणार? मला अशी जागा पाहिजे जिथे ते दोन तास रमतील, बसायला सावली असेल, आणि खूप पायऱ्या नसतील. खायचं म्हणाल तर नुस्तें (मासे) चालतं, फक्त आई गुरुवारी शाकाहारी आणि २२ ला नेमका गुरुवार आलाय. कोणी राहिलंय का तिथे? जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

काणकोणकर_सध्या_चीनमध्ये

मी सांगतो. नऊ वर्षं इथे आहे, माल तपासायचं काम, आठवड्यातले चार दिवस फॅक्टऱ्यांत जातात पण रविवार माझा असतो आणि तो मी फिरण्यातच घालवलाय. तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं कारण इथे येणारे आपले लोक माल बघतात, हिंदी जेवण शोधतात आणि जातात, आणि या शहरात भारताशी जोडलेलं केवढं काय आहे ते कोणाला माहीतच नसतं.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा, नानहाय शेन म्याव, म्हणजे दक्षिण समुद्राच्या देवाचं देऊळ. हुआंगपू भागात आहे, शहराच्या पूर्वेला. इसवी सन ५९४ मध्ये बांधलेलं, म्हणजे सुई राजवटीतलं. पूर्वी समुद्रावर जाणारी जहाजं इथे पूजा करून निघायची आणि सुखरूप आली की परत इथेच नमस्कार. आता नदी मागे सरकलीय, पण जुन्या धक्क्याचे दगड खोदकामात सापडले ते बघता येतात. ८२० सालचा एक शिलालेख आहे, हान यू या मोठ्या लेखकाचा मजकूर आहे त्याच्यावर, बाबा त्याच्यासमोरच अर्धा तास उभे राहतील.

पण मी तिथे पाठवतोय ते दुसऱ्याच कारणासाठी. दारापाशी एक मूर्ती आहे, अंगात चिनी दरबारी कपडे, आणि एक हात कपाळावर धरून लांब बघतोय, जसे आमच्याकडे बायका होडी येते का बघायला किनाऱ्यावर उभ्या राहतात तसा. हा माणूस चिनी नव्हे. गोष्ट अशी सांगतात की थांग राजवटीच्या काळात भारतातून एक दूत आला, परतीच्या वाटेवर या देवळाशी जहाज थांबलं, त्याने सोबत आणलेल्या फणसाच्या दोन बिया देवळाच्या आवारात लावल्या, आणि तिथलं बघण्यात एवढा गुंगला की जहाज त्याला सोडून निघून गेलं. मग तो रोज किनाऱ्यावर उभा राहून समुद्राकडे बघत रडायचा आणि तिथेच वारला. गावच्या लोकांनी त्याची मूर्ती केली, चिनी नाव दिलं दाशी सकूंग, चिनी कपडे घातले, आणि देवळात बसवला. फणसाला चिनी भाषेत बोलुओमी म्हणतात त्यावरून सगळे लोक या देवळालाच बोलुओ देऊळ म्हणतात. आजही आवारात फणसाची झाडं आहेत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जून महिना होता, झाडाला फणस लागलेले, आणि मला खरंच भरून आलं, आमच्या परसातल्या फणसाखाली उभा राहिल्यासारखं वाटलं. ऑक्टोबरात फणस नसणार पण झाड तर दिसेल. दसऱ्याच्या दिवशी आईला इथेच न्या. उदबत्ती लावतात, नमस्कार करतात, फुलं-फळं ठेवतात, तिला परकं वाटणार नाही.

मेट्रोचं लाईन १३ वर देवळाच्या नावाचंच स्टेशन आहे पण पाझौहून मधे गाडी बदलावी लागते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन दीदी या ॲपवरून टॅक्सी बोलावणं बरं.

दुसरं, ग्वांगश्याव देऊळ. लाईन १, शीमेनखौ स्टेशन, चालत पाच-सात मिनिटं. हे तसं प्रसिद्ध आहे पण परदेशी लोक कमीच दिसतात. इथे पिंपळ आहे, बोधीवृक्ष म्हणून पूजतात, आताचं झाड नंतर लावलेलं, पण इथल्या मूळ पिंपळाखाली ६७६ मध्ये हुइनंग या झेन (बौद्ध ध्यानपंथ) परंपरेच्या सहाव्या गुरूचं मुंडण झालं, ते केस जिथे पुरले तिथे छोटा स्तूप बांधलाय. बाबांना सांगा की उज्जैनचा परमार्थ नावाचा पंडित ५४६ मध्ये समुद्रमार्गे ग्वांगझौला उतरला आणि पुढे याच मठात बसून त्याने संस्कृत ग्रंथ चिनीत आणले. त्याला घरी परत जायचं होतं, साधारण ५६२ च्या सुमारास जहाजात बसला सुद्धा, पण वारा असा फिरला की जहाज परत ग्वांगझौलाच येऊन लागलं. मग ५६९ मध्ये इथेच वारला. मी पिंपळाखाली बसतो तेव्हा मला हुइनंगपेक्षा हाच आठवतो.

बाकी हुआलिन देऊळ (बोधिधर्म जिथे उतरला म्हणतात ते, पण आजूबाजूला जेडच्या दुकानांची एवढी गर्दी की आईबाबा दमतील), लीवान तलावाचा भाग, श्याओझौ गाव, यावर नंतर लिहितो, आता फॅक्टरीत पोचलोय.

आणि हो, इंटरनेटवर जुन्या लेखांत रेडटोरी नावाची जागा दिसेल, जुन्या डब्याबंद अन्नाच्या कारखान्यात चित्रकारांचे स्टुडिओ होते. सुंदर होती. ती २०१९ मध्ये बंद झाली, तिकडे जाऊ नका.

फोंड्याचा_दुकानदार

बाबांना वाचून दाखवलं. फणसाची गोष्ट ऐकून आई म्हणाली मग आधी तिथेच जाऊया. खूप आभार भाऊ. एक शंका, मी शोधलं तर बोलुओ म्हणजे अननस असं दाखवतंय, आणि बोलुओ पाव पण मिळतो म्हणे तिथे, मग झाड फणसाचं की अननसाचं?

म्हापशाची_मुलगी

फणसच. हा गोंधळ माझा पण झालेला. अननस अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी जगभर नेला, गोव्यात पण तसाच आला आणि चीनमध्ये मकावच्या बाजूने. बोलुओ हे नाव आधी फणसाचं, अननसाला नंतर चिकटलं, दोघांची सालं काटेरी खडबडीत म्हणून. आणि बोलुओ पावात अननस नसतोच, वरचा साखरेचा थर तडकून अननसाच्या सालीसारखा दिसतो म्हणून नाव. गरम असताना मधे लोण्याचा जाड तुकडा घालून देतात. आमच्या पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) पावाची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा गोड लागतो पण चहाबरोबर छान जातो.

त्या देवळाची जत्रा पण असते, चिनी दुसऱ्या महिन्याच्या ११ ते १३ तारखेला. त्यांचा महिना पण चंद्रावर चालतो त्यामुळे बऱ्याच वर्षी ती आपल्या शिगम्याच्या दोन-चार दिवस आधी येते. (२०२६ मध्ये मात्र २९ मार्चला आली, कारण त्यांचा अधिक महिना २०२५ मध्येच पडला आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये.) जत्रेत कागदाचे रंगीत कोंबडे विकतात, बोलुओ कोंबडा म्हणतात, घरी ठेवला की चांगलं असतं म्हणे.

आता माझं सांगते. मी दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलेली, माझ्या कंपनीचं ट्रेनिंग होतं आणि पुढे पाच दिवस रजा टाकली. आईला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर यीद रोड. कोणत्याही यादीत नाही. लाईन ६ वर यीद लू स्टेशन. हा अख्खा रस्ता सुक्या मासळीचा घाऊक बाजार आहे. मे महिन्यात आपल्याकडे पुरुमेंताला (पावसाळ्याच्या साठवणीला) जसा बाजार भरतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुको बांगडो, सुकीं सुंगटां (कोळंबी) घेऊन बायका बसतात, तोच वास, पण इथे दुकानांमागून दुकानं. सुकी सुंगटां दहा-बारा आकारांची, सुकी कालवां, माकूल (स्क्विड), खारवलेले मोठे मासे उलटे टांगलेले, शिंपल्यातला गोल गर सुकवून त्याच्या बरण्या, माशाच्या पोटातले फुगे सुकवून ते तर सोन्याच्या भावाने विकतात. आईला एक अक्षर कळत नव्हतं पण ती दुकानदारणीबरोबर हाताच्या खुणांनी अर्धा तास बोलत बसली, सुंगटां हातात घेऊन मोडून बघितली, वास घेतला, आणि त्या बाईने पण मान हलवून दुसऱ्या पोत्यातली काढून दाखवली. घेतली पाव किलोच. पण आई अजून त्या बाईची आठवण काढते.

यीद रोडवरच दगडी चर्च आहे, लोक त्याला नुसतं दगडी घरच म्हणतात. १८६३ ला काम सुरू झालं आणि १८८८ ला पूर्ण झालं, सगळं ग्रॅनाइटचं, भिंती, खांब, ५८ मीटरचे दोन मनोरे. आमच्या जुन्या गोव्याच्या बासिलिकेचा चिरा उन्हात लाल तापलेला दिसतो, हे राखाडी आणि थंड. रविवारी इंग्रजीतून मिस (चर्चमधली प्रार्थना) असते आणि आफ्रिकेतले, फिलिपिन्सचे लोक भरपूर येतात. आम्ही हिंदू, पण आई प्रत्येक डिसेंबरात गोंयच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला जाते त्यामुळे तिने तिथे पण मेणबत्ती लावली.

आता कामाच्या गोष्टी ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या:

गूगल चालत नाही. इथूनच अलीपे हे पैसे द्यायचं ॲप फोनमध्ये घालून आपलं कार्ड जोडून या, मेट्रो, टॅक्सी, भाजीवाला सगळं त्यावरच. पण थोडे रोख युआन ठेवा, आईच्या पर्समध्ये वेगळे ठेवा.

हॉटेलचं बुकिंग करताना परदेशी पासपोर्ट घेतात का हे लिहून विचारा. आम्हाला एका छोट्या हॉटेलने बुकिंग असूनही रात्री साडेअकराला परत पाठवलं, आई बॅगेवर बसून राहिली आणि मी फोनवर दुसरं शोधत होते. फेअरच्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि भाडं दुप्पट होतं, तेव्हा आताच पक्कं करा.

हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी अक्षरांत कागदावर लिहून आईबाबांच्या खिशात एकेक ठेवा. हे नक्की करा.

तारवटी_काका

दुकानदारबाब, तुमच्या बाबांच्याच वयाचा मी. चिखली-वास्कोचा, ३४ वर्षं तारवटी होतो, इंजिन रूममध्ये. हुआंगपूला आमचं जहाज पहिल्यांदा लागलं ते १९८७ साली. तेव्हा हे शहर म्हणजे सायकली, निळे कपडे आणि नदीवर धूर. आम्हाला चार तासांची सुट्टी मिळायची. नंतर २०१८ मध्ये मुलगा घेऊन गेला तेव्हा मला एकही कोपरा ओळखता आला नाही, फक्त नदीचा वास ओळखला.

तुमच्या बाबांना इतिहास आवडतो तर त्यांना सांगा, हुआंगपूचं जुनं बंदर पाझौच्या अगदी जवळ आहे, फेअरच्या हॉलपासून टॅक्सीने थोड्याच वेळात. लाईन ४ आणि ८ चं वानशंगवेइ स्टेशन. १७५७ मध्ये छ्येनलुंग बादशहाने युरोपच्या व्यापाऱ्यांना फक्त कॅन्टनलाच व्यापाराची परवानगी ठेवली ती १८४२ पर्यंत, आणि त्या सगळ्या काळात मोठी जहाजं शहरापर्यंत न येता इथेच नांगर टाकायची. आता तिथे शांत गाव आहे, घराण्यांची जुनी सभागृहं, नदीकाठी बाक, म्हातारे बुद्धिबळ खेळत बसलेले. एक स्वीडिश जहाज १७४५ साली इथून परत जाताना स्वतःच्या बंदराच्या तोंडाशी बुडालं, त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधून २००६ मध्ये ते लोक परत इथे घेऊन आले. मी जहाजावरचा माणूस, मला हे ऐकूनच अंगावर काटा आला. तिथे आल्याचं दूध मिळतं, गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि ते दह्यासारखं बसतं. ते खा.

समोर चांगझौ नावाचं बेट आहे. तिथे १९२४ ची हुआंगपू सैनिकी शाळा आहे, चिनी पर्यटक तिथे जातात. पण त्याच बेटावर टेकडीवर पारशी लोकांची कबरस्तान आहे, मुंबईहून आलेले व्यापारी, १९ व्या शतकातले, घरापासून एवढ्या लांब. जमशेटजी जीजीभाई तरुणपणी कॅन्टनला जहाजाने यायचे. आणि त्यांच्या धंद्यातला भागीदार आपला गोंयकार होता, रोजेरियो द फारिया. धंदा कापसाचा होता तसा अफूचा पण होता, हे लपवून उपयोग नाही, माळव्याची अफू दमणवरून जहाजात चढायची आणि मकावकडे जायची. चिनी लोकांचं त्याने काय झालं ते बाबांना माहीत असणार. तिथे उभं राहताना हे मनात ठेवावं असं मला वाटतं.

आता मूळ सांगायचं ते. ज्या गोंयच्या सायबाचं शव आपण जुन्या गोव्यात बघतो तो सेंट फ्रान्सिस झेवियर वारला तो याच प्रांतात. शांगच्वान नावाचं बेट, ३ डिसेंबर १५५२. त्याला ग्वांगझौलाच यायचं होतं. एका चिनी व्यापाऱ्याने पैसे ठरवून गुपचूप नेतो म्हणून कबूल केलं होतं, आणि झेवियर त्या बेटावर होडीची वाट बघत राहिला, ताप चढला, होडी आलीच नाही. शव आधी मलाक्काला आणि मग १५५४ मध्ये गोव्याला आलं. बेटावर जिथे पहिल्यांदा पुरलं होतं तिथे १८६९ चं छोटं चर्च आहे. ग्वांगझौहून ताइशानच्या बाजूला शानझुइ बंदरापर्यंत बस आणि पुढे फेरीबोट.

काणकोणकरांनी फणसवाल्या दूताची गोष्ट लिहिली, उज्जैनच्या पंडिताची लिहिली, आणि माझ्या डोळ्यांसमोर हा तिसरा आला. एकाची बोट सुटली, एकाची परत फिरली, एकाची आलीच नाही. आम्ही तारवटी लोक अशाच गोष्टींत आयुष्य काढतो. १९८७ च्या त्या खेपेला माझी आजी गेली होती आणि तार मला तीन आठवड्यांनी पुढच्या बंदरात मिळाली. तो हात कपाळावर धरलेला माणूस मी २०१८ मध्ये बघितला आणि मुलाला म्हटलं थोडा वेळ मला इथे एकट्याला बसूदे.

काणकोणकर_सध्या_चीनमध्ये

काका, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. मी त्या पारशी कबरस्तानात अजून गेलो नाहीये, येत्या रविवारी जाणार.

पण दुकानदारभाऊ, शांगच्वान या खेपेला नको असं माझं स्पष्ट मत. एका दिवसात जाऊन येणं आईबाबांना झेपायचं नाही, रात्र तिथेच राहावी लागते, आणि ऑक्टोबरात सुद्धा वादळाची सूचना आली की फेरी बंद. तीनातले दोन दिवस तिकडेच जातील. पुढच्या वेळी फक्त त्यासाठीच या, डिसेंबरात.

राहिलेलं लिहितो. श्याओझौ गाव, हायझू भागात, पाझौच्या दक्षिणेला. कालव्याकाठचं गाव, छोटे दगडी पूल, आणि काही घरांच्या भिंती अख्ख्या कालवांच्या शिंपल्यांच्या. आपल्याकडे जुन्या घरांच्या खिडक्यांना तावदानं म्हणून पातळ शिंपले बसवायचे ना, ते चपटे, उजेड येणारे. इथे मात्र हाताएवढे जाडजूड कालवांचे शिंपले मातीत आडवे एकावर एक रचून भिंतच उभी केलीय. उन्हाळ्यात आत थंड राहतं आणि वाळवी लागत नाही. दुपारी चारनंतर तिरपं ऊन पडलं की प्रत्येक शिंपल्याची सावली पडते, त्या वेळेलाच जा. शनिवार-रविवारी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची झुंबड असते पण तुम्ही मंगळवार ते गुरुवार आहात तर शांत मिळेल. बाबांना थोडं खडबडीत चालावं लागेल, काठी असेल तर आणा.

लीवान भाग, म्हणजे जुनं शहर. सकाळी चहाला जा, याला इथे यम छा म्हणतात, चहा प्यायचा आणि बांबूच्या छोट्या टोपल्यांत वाफवलेलं खायचं, दोन-दोन तास. आजीआजोबा, नातवंडं, सगळं खटलं एका टेबलावर. कोणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हळू टकटक करायची, ते आभार. किटलीत पाणी संपलं तर झाकण तिरपं ठेवायचं, कोणाला हाक मारावी लागत नाही. तिथून चालत अनिंग रोड, कँटोनीज ऑपेराचं म्युझियम आहे २०१६ ला उघडलेलं, आणि ब्रूस लीच्या वडिलांचं जुनं घर, ते ऑपेरातले नट होते. पण म्युझियमपेक्षा लीवान तलावाच्या बागेत जा. तिथे गावची हौशी माणसं पेटी-तंतुवाद्यं घेऊन जमतात आणि गातात, कोणी तिकीट घेत नाही, आपल्याकडे जत्रेच्या नाटकाच्या आधी तालमी चालतात तसा माहोल. रात्रभर धालोत्सव बघणाऱ्या माणसांना अर्थ कळला नाही तरी बसवतं.

आणि फेरीबोट. नदी ओलांडायला साधी लोकांची बोट असते, दोन युआन. पलीकडे फांगचूनला चहाचा घाऊक बाजार आहे, दुकानात शिरलं की बसवतात आणि कप भरत राहतात, घ्यायचा आग्रह नसतो. रात्रीच्या दिव्यांच्या क्रूझला शंभर-दोनशे घालवण्यापेक्षा संध्याकाळची ही बोट शंभर पटीने बरी. आपल्या गोव्यातल्या चोडण बेटाच्या फेरीत वाढलेल्या माणसाला तर नक्कीच.

सांखळी_९९

एक छोटी भर. व्हिसा करताना मकाव किंवा हाँगकाँगला मधेच जाऊन परत ग्वांगझौला यायचं डोक्यात असेल तर दोन वेळा प्रवेशाचा व्हिसा मागा, एकदाचा असला की मकावला गेलं म्हणजे चीनमधून बाहेर पडलं असं धरतात आणि परत आत येता येत नाही. माझ्या मामाचं असंच झालं, सामान ग्वांगझौच्या हॉटेलात आणि तो मकावला. विमानाचं म्हणाल तर कोलकाता आणि दिल्लीहून सरळ ग्वांगझौ ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ पासून परत सुरू झालंय. गोव्याच्या मोपा विमानतळाहून दिल्ली आणि पुढे, हेच आईबाबांना सोपं पडेल.

आणि बाबा मराठी शाळेतले तर डॉ. कोटणीस त्यांना माहीत असणारच. सोलापूरचे कोटणीस आणि बाकीचे चार डॉक्टर १९३८ मध्ये हाँगकाँगवरून चीनमध्ये शिरले ते याच कॅन्टन शहरातून, आणि सुन यत्सेन यांच्या पत्नी सूंग छिंगलिंग त्यांच्या स्वागताला होत्या. पुढच्याच महिन्यात शहर जपान्यांच्या हातात गेलं.

फोंड्याचा_दुकानदार

काय बोलू कळत नाहीये. बाबा कालपासून वही घेऊन बसलेत, परमार्थ, रोजेरियो द फारिया, कोटणीस अशी नावं लिहून काढलीत आणि जुनी पुस्तकं माळ्यावरून उतरवायला लावली मला. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी फोन करून विचारतात की चांगझौ बेट पाझौपासून किती लांब.

असं ठरवलंय. २० ला दसरा, सकाळी बोलुओ देऊळ, आई फोंड्याहून झेंडूची सुकी फुलं नेते म्हणतेय (फळं-फुलं विमानातून नेऊ देत नाहीत हे तिला सांगितलंय, तिथेच घेऊ), परत येताना हुआंगपूचं जुनं बंदर आणि आल्याचं दूध. २१ ला सकाळी यम छा, लीवान, दुपारी हॉटेलवर झोप, संध्याकाळी श्याओझौ. २२ ला ग्वांगश्यावचा पिंपळ, यीद रोड, आणि संध्याकाळची फेरीबोट. चांगझौला बाबांना मी फेअर संपल्यावर २८ ला वेगळं नेणार, त्यांना तिथे घाईत नाही न्यायचं. शांगच्वान पुढच्या वेळी, आणि काका, तेव्हा तुम्ही पण चला आमच्याबरोबर, मी मनापासून सांगतोय.

फक्त गुरुवारच्या जेवणाचं राहिलं. आई अंडं पण नाही खात त्या दिवशी. आणि यीद रोडला गुरुवारी नेलं तर चालेल का तिला, सुक्या मासळीचा वास?

म्हापशाची_मुलगी

यीद रोड बुधवारी सकाळी करा आणि यम छा गुरुवारी नको, त्यात सगळीकडे सुंगटां आणि डुक्कर असतं, दिसत नाही पण असतं. गुरुवारी ग्वांगश्यावनंतर दाफो देवळाकडे जा, गोंगयुआनछ्येन स्टेशनजवळ, तिथे देवळाचं शाकाहारी जेवण मिळतं, बौद्ध पद्धतीचं, बरेचदा कांदा-लसूण पण नसतो. मांसासारखे दिसणारे पदार्थ असतात, ते सोयाबीनचे, आईला आधी सांगून ठेवा नाहीतर ती ताट बाजूला सारेल, माझ्या आईने सारलेलं. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी, आणि सू हे अक्षर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दुकानाच्या पाटीवर ते दिसलं की आत शिरायचं.

काणकोणकर_सध्या_चीनमध्ये

हो, यीद रोड आणि लीवान एकाच दिवशी बसतं, लाईन ६ ने जवळच आहे. २० ला सकाळी मला सुट्टी मिळते का बघतो, मिळाली तर देवळाच्या दारात भेटतो. झेंडू शोधून ठेवतो, इथे फुलबाजारात मिळतो. माळ ओवायला दोरा मात्र आईंना आणायला सांगा.

तारवटी_काका

दुकानदारबाब, निरोप मिळाला. माझा पासपोर्ट २०२९ पर्यंत चालू आहे.